फौजदाराची साखर आणि अक्कांचा निवद

जळगावात थंडी आली हे आम्हाला स्वेटरवरून कळत नाही, धुरावरून कळतं. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या मोकळ्या प्लॉटवर पऱ्हाट्या पेटतात, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, आणि त्या जाळावर तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढी हिरवी-पांढरी वांगी काळी होत होत सुस्कारे टाकायला लागतात. तो वास आज सकाळी आला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. उरलेल्या अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून मी गॅलरीत धावलो. कठड्यावर फौजदार आधीच येऊन बसला होता. डोळे मिटलेले, नाक वर, मैफलीत पहिल्या रांगेत बसलेल्या जाणकारासारखा.

"अहो, तोंड पुसा, शेजारचे बघताहेत," आतून सुनंदा म्हणाली.

"बघू देत," मी म्हणालो. "या घरातले दोन पुरुष आपल्या गुरूला नमस्कार करताहेत."

गुरू म्हणजे वांगं. मी इंजेक्शन द्यायला वांग्यावर शिकलो, आणि ते घ्यायला फौजदार माझ्याकडून शिकला. दोन वर्षांपूर्वीचा हाच मोसम. तेव्हापासून भरिताचा वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, उजव्या हाताचा अंगठा आपोआप वाकतो आणि छातीत काहीतरी थोडंसं फुगतं. त्या फुगण्याला लोक अभिमान म्हणतात. सुनंदा गॅस म्हणते.

फौजदार हा आमचा बोका. वजनदार, करड्या रंगाचा, मिशा अशा की दोन हवालदार सहज सलाम ठोकतील. तो मला धुळ्याच्या एका साखरपुड्यात मांडवामागे सापडला. मी निवेदक आहे. लग्न, साखरपुडा, बक्षीस समारंभ, सेवानिवृत्तीचा सत्कार, जिथे माणसं जमतात आणि कुणीतरी माइकवर बोलावं लागतं तिथे मी असतो. त्या दिवशी आचाऱ्याने फौजदारी डाळ केली होती आणि हे तळहाताएवढं पिल्लू पातेल्याभोवती चौकशीला आल्यासारखं फिरत होतं. नाव तिथेच पडलं. येताना माझ्या शबनममध्ये नारळ, टॉवेल, टोपी आणि फौजदार होते. साखरपुड्यात सापडलेल्या प्राण्याला पुढे साखरच व्हावी, हा विनोद नियतीचा आहे, माझा नाही. माझा असता तर मी दोनदा सांगितला असता.

त्या वर्षी दिवाळी संपली आणि तो पाणी प्यायला लागला. वाटीतलं, बादलीतलं, तुळशीच्या कुंडीतलंसुद्धा. खायचा भरपूर आणि वाळत चालला. कठड्यावर उडी मारायचा आणि मध्येच राहायचा. मग कुणी पाहिलं नाही ना, अशा नजरेने इकडेतिकडे बघत अंग चाटायला लागायचा. पडल्यावर कपडे झटकणाऱ्या पुढाऱ्यासारखा. मी हसलो होतो. ते हसणं मला पुढे बरेच दिवस टोचलं.

जनावरांच्या डॉक्टर मॅडमनी त्याच्या कानातून रक्ताचा थेंब घेतला, मशीनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "साखर आहे. बरीच आहे. चारशेच्या वर."

"मॅडम, हा मांजर आहे," मी म्हणालो.

"मलाही तसंच वाटलं," त्या म्हणाल्या.

रोज दोनदा इन्सुलिन. सकाळी सात, संध्याकाळी सात. आधी साखर मोजायची, मग त्याने खायचं, मग टोचायचं. तांदूळ, पोळी, दूध बंद, उकडलेलं चिकन सुरू. मानेमागची कातडी चिमटीत धरून तिचा छोटा तंबू करायचा आणि त्या तंबूत सुई. ऐकतानाच मला घाम फुटला. हजार माणसांसमोर मी कागद न बघता बोलू शकतो, पण सुई पाहिली की माझी वाचा बसते. शाळेत लस टोचायला माणसं आली की मी मागच्या भिंतीवरून पळायचो. आमच्या गुरुजींना ते ठाऊक होतं, म्हणून ते भिंतीपलीकडे उभे राहायचे.

"आधी फळावर सराव करा," मॅडम म्हणाल्या. "मिठाचं पाणी भरून, संत्र्यावर वगैरे."

पण घरात संत्रं नव्हतं. भरिताची वांगी होती, आदल्याच दिवशी जामनेरच्या बाजारातून आणलेली. सुनंदाने त्यातलं सगळ्यात गुबगुबीत वांगं टेबलावर ठेवलं, देठाला धरून म्हणाली, "हं, ही मान." मी सुई टोचली. वांगं ओरडलं नाही. मी मात्र ओरडलो. तीन दिवसांत मी एकूण नऊ वांगी टोचली. चौथ्या दिवशी त्यांचं भरीत झालं आणि सुनंदाने पहिला घास घेऊन सांगितलं, "मीठ बरोबर आहे."

खरी सुई मी फौजदाराला दिली तेव्हा त्याने वाडग्यातून डोकंसुद्धा वर केलं नाही. मी डोळे उघडले तर सगळं आटोपलं होतं. त्या सकाळी मी गल्लीतून असा चाललो की दूधवाल्याने विचारलं, काय भाऊ, आज कुठला पुरस्कार?

सुनंदा शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, आकडे लिहून ठेवायचे. वही शोधायचा मला कंटाळा. स्वयंपाकघरात खिळ्याला दिनदर्शिका लटकत होती, तिच्या चौकोनात मी लिहायला लागलो. वर सकाळचा आकडा, खाली संध्याकाळचा. गॅसची टाकी कधी लावली, पाहुणे कधी येणार, आणि त्यांच्या शेजारी फौजदाराची साखर.

आणि ती साखर! अहो, नाटकातली नायिका परवडली. आज संध्याकाळी एकशे सत्तर, उद्या एकशे साठ, मला वाटावं की झालं, जिंकलो. परवा चारशे दहा. तेच चिकन, तेवढंच इन्सुलिन, तीच वेळ. मग पुन्हा खाली, पुन्हा वर. मी पट्टी बदलून मोजलं, दुसरा कान मोजला. कान आधी कोमट फडक्याने शेकायचा म्हणजे थेंब नीट येतो, तेही शिकलो. फौजदार मांडीवर बसून कान पुढे करायचा, जणू घे बाबा, तुझं समाधान होऊ दे. आकडा मात्र त्याला वाटेल तो.

मॅडमनी विचारलं, "बाहेर काही खातो का?"

इथे मी छातीवर हात ठेवला. हात ठेवायला नको होता, पण सवय. "मॅडम, हा बोका माझ्या घरचं सोडून एक कण खात नाही. शेजाऱ्यांना मी स्वतः बजावलं आहे."

खोटं नव्हतं ते. आमची गल्ली लहान. मी एका रविवारी सकाळी फाटकाच्या पायरीवर उभा राहिलो आणि माइकशिवाय जाहीर केलं, "बंधूंनो आणि भगिनींनो, फौजदार आजारी आहे. त्याला कुणीही काहीही खायला घालू नये." लोक गॅलरीत आले. टाळ्यासुद्धा पडल्या.

शेजारच्या अक्का तर त्याच दिवसापासून कडक झाल्या. आमचा आणि त्यांचा ओटा एकच, मध्ये गुडघाभर भिंत. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या, वय बहात्तर-त्र्याहत्तर, बोलणं अस्सल खानदेशी. त्यांचे यजमान नाना जाऊन पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून फौजदार दिवसातला अर्धा वेळ त्यांच्या उंबऱ्यावर असायचा, नानांच्या बसायच्या पाटावर. पूर्वी अक्का त्याला शेव द्यायच्या, पोळीचा तुकडा द्यायच्या. माझ्या घोषणेनंतर त्यांनी मला बोलावून डबा दाखवला. "देख भाऊ, शेवना डबा फळीवर चढाई दिधा. बठ्ठं बंद." बठ्ठं, म्हणजे सगळं.

म्हणून मी मॅडमना छातीवर हात ठेवून सांगितलं. आणि दुसरीही एक चूक केली, तीही माझ्याच धंद्यातली. मॅडमना आकडे सांगताना मी दिनदर्शिका कधी नेली नाही. तोंडी सांगायचो. आणि निवेदक माणूस सुरुवात कशाने करतो? सगळ्यात मोठ्या गोष्टीने. "मॅडम, चारशे वीस!" मग थोडं थांबायचं, श्रोत्याचा चेहरा बघायचा. "आणि त्याआधी, चारशे पाच!" मधले एकशे साठ, एकशे ऐंशी माझ्या कार्यक्रमात बसत नव्हते. त्यात नाट्य नव्हतं. मॅडमनी माझ्यावर विश्वास ठेवला. एका युनिटचं दीड झालं, दोन आठवड्यांनी दीडचे दोन.

मार्गशीर्ष होता. लग्नांचा हंगाम जोरात. आज धुळे, उद्या जामनेर, परवा पुन्हा धुळे. माझी कामं मी घड्याळ बघून घ्यायला लागलो. सकाळी सातला सुई देऊन निघेन, संध्याकाळची सुनंदा देईल. एका यजमानांनी सकाळी सहालाच हजर राहा म्हटलं तर मी म्हणालो, "नाही जमणार, फौजदार उठलेले नसतात." त्यांनी मला फार वजनदार माणूस समजून गाडी पाठवली.

आणि मग चाळीसगाव.

बुधवार होता. लग्न दुपारचं. सकाळी सातला फौजदाराने वाडगा पुसून खाल्ला, मी दोन युनिट दिले आणि समाधानाने गाडीत बसलो. दुपारी मांडव गच्च भरलेला, अंतरपाट धरलेला, मामा मुलीला घेऊन येत होते, गुरुजींनी घसा खाकरला. माझ्या झब्ब्याला कॉलरचा माइक. खिशात फोन थरथरला. पाहिलं तर अक्का. अक्का मिस्ड कॉल देतात. त्या दिवशी रिंग थांबेना.

"भाऊ! तुन्हा फौजदार दारू पेल मायक चाली ऱ्हायना! मन्हा दारमा पडना, आते उठत नही!"

दारू प्यायल्यासारखा चालतोय, दारात पडला, उठत नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. साखर चढली तर उद्यापर्यंत वेळ असतो, उतरली तर मिनिटं असतात.

"अक्का, घरात मध आहे?"

"शे ना. देवना शे, पंचामृतना."

"तोच घ्या! बोटावर घ्या आणि त्याच्या हिरड्यांना चोळा. ओतू नका, नुसता चोळा!"

"देवना मध मांजरले?"

"अक्का, देवाला मी सांभाळतो, तुम्ही फौजदाराला सांभाळा!"

हे वाक्य संपलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मांडवात टाचणी पडली तरी ऐकू येईल. माइक चालू होता. नवरदेव अंतरपाटावरून माझ्याकडे बघत होता. गुरुजींच्या हातात अक्षता तशाच. पहिल्या रांगेतले एक फेटेवाले आबा उठून उभे राहिले. "काय झालं हो? कोणत्या ठाण्याचे फौजदार?"

मी हात वर केला, थांबा म्हणून. सवयीचा हात. आणि सातशे माणसं खरोखर थांबली. मुहूर्त, बॅण्ड, आचारी, सगळं. फोनमध्ये अक्कांचा श्वास ऐकू येत होता, आणि मधूनच, "उघड रे राजा, तोंड उघड." मी एवढं आयुष्य माइकवर बोललो, पण त्या दोन-तीन मिनिटांएवढं लांब काही मी ऐकलेलं नाही.

"तोंड उघडत नसेल तर ओठाच्या आतून लावा," मी म्हणालो. "अक्का, लावताय ना?"

मग एक "आई वं!" आणि मग अक्का अशा ओरडल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. "उठना! उठना रे भाऊ! माले चावना बी!"

"उठला!" मी माइकवर म्हणालो. "उठला, आणि चावला!"

टाळ्या. कशासाठी ते कुणालाच माहीत नव्हतं, पण काय टाळ्या! फेटेवाल्या आबांनी पहिल्या मूठभर अक्षता तिथेच उधळल्या. गुरुजींनी तो मुहूर्त समजून मंगलाष्टक उचललं. मी मांडवामागे गेलो, रिकाम्या खुर्च्यांच्या ढिगाला टेकलो आणि झब्ब्याच्या बाहीत तोंड खुपसून रडलो. माइक तेवढा आठवणीने बंद केला होता.

अक्कांनी तोवर सुनंदाच्या शाळेत निरोप धाडला होता. ती रिक्षाने घरी आली, कानातून थेंब काढला. मध चोळल्यानंतर बावन्न. म्हणजे आधी किती, याचा विचार मी आजही अर्ध्यात सोडतो. वांग्यांच्या पाटीत जुनी चादर घालून दोघींनी त्याला दवाखान्यात नेलं. मॅडमनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतला, पुन्हा एका युनिटवर आणला आणि सुनंदाला म्हणाल्या, "मला सगळे आकडे हवेत. मोठे, छोटे, सगळे. लिहून. यांच्याकडून ऐकून नकोत."

त्या संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं तेव्हा सुनंदा स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. पुढ्यात दिनदर्शिका, हातात लाल पेन. फौजदार तिच्या मांडीला टेकून झोपला होता, अंगाला अजून मधाचा वास. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "अहो, या बोक्याला तिथी कळते का?"

"म्हणजे?"

"हे बघा." तिने चारशेच्या वरच्या प्रत्येक आकड्याला गोल केला होता. गुरुवार. गुरुवार. संकष्टी. गुरुवार. एकादशी. पुन्हा गुरुवार. एकही गोल साध्या दिवशी नाही. आणि प्रत्येक गोल संध्याकाळच्या आकड्याला. "तुमचा बोका उपास करतो."

आम्ही दोघांनी एकाच वेळी उघड्या दारातून भिंतीपलीकडे पाहिलं. अक्कांच्या देवघरात समई लागली होती.

मला आजही तो क्षण नको वाटतो. काही तासांपूर्वी ज्या बाईने माझ्या मांजराचा जीव वाचवला, बोटाला पट्टी बांधून जी बसली होती, तिलाच जाऊन विचारायचं की तुम्हीच घालत होतात का? मी सुनंदाला म्हटलं तू विचार. ती म्हणाली, घोषणा तुम्ही केली होती.

अक्कांनी शांतपणे ऐकलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "खावाले कोठे दिधं मी? तू बोलना खावाले देऊ नका. शेव बंद करी, पोळी बंद करी. पन तो निवद शे. निवद काय खानं ऱ्हास का?"

नैवेद्य म्हणजे खाणं नव्हे. खोटं काय होतं त्यात? आमच्याकडे जन्मभर असंच आहे. पोट भरलेला पाहुणा जेवायला नको म्हणतो, पण प्रसादाला नाही म्हणत नाही, आणि डॉक्टरने गोड बंद केलेला माणूस पुरणाचा नैवेद्य दोनदा घेतो आणि शपथेवर सांगतो की गोड खाल्लं नाही. मी स्वतः हेच करतो. अक्का उपासाच्या संध्याकाळी देवाला दूध-भगरीची खीर दाखवायच्या, नाहीतर राजगिऱ्याची, आणि आपण तोंडात घास घालायच्या आधी एक वाटी मुक्या जिवापुढे ठेवायच्या. तो मुका जीव सहा वाजल्यापासून नानांच्या पाटावर तयार असायचा. सातला तो भिंतीवरून आमच्याकडे यायचा, मिशा पुसून, निरागस, आणि कान पुढे करायचा.

"अक्का, त्या खिरीने त्याची साखर चढायची," सुनंदा हळू म्हणाली. "आम्ही औषध वाढवलं. आणि ज्या दिवशी खीर नाही, त्या दिवशी तेच औषध त्याला जास्त झालं."

अक्कांनी नानांच्या पाटाकडे पाहिलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाल्या, "तुन्हा नानाले साखर व्हती. सात वरीस मी नही नही करं. लाडू नही, शिरा नही, चहामा चमचा नही. शेवटला गुरुवारले त्यासनी खीर मांगी. एक चमचा. मी नही दिधी. सोमवारले गयात." त्यांनी समईची वात सारखी केली. "मंग मी ठरायं, आते कोनले नही म्हनानं नही. हाऊ त्यासना पाटवर येईसन बसस, मन्हा तोंडकडे देखस. मी कशी नही म्हनू, भाऊ?"

फौजदार भिंतीवरून उतरला, अजून थोडा लटपटत, आणि पाटावर जाऊन बसला.

अक्कांनीच डोळे पुसले. "मंग गुरुवारले मी त्याले काय देवानं? रिकामा हात मी देवसमोर बसू का?"

आणि सुनंदा, जी वर्गात मुलांना उत्तर सांगत नाही, स्वतः काढायला लावते, ती पटकन म्हणाली, "अक्का, सुई द्या. गुरुवारची संध्याकाळची सुई तुमची."

वांग्यांवर सराव झाला, हे सांगायला नको. अक्कांनी माझ्यासारखी नऊ वांगी घेतली नाहीत. दोनच. तिसरं त्यांनी चुलीवर ठेवलं. "हाई खावानं शे," म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी सातला त्यांनी सिरिंज तबकात ठेवली, हळदीकुंकवाचं एक बोट तबकाला लावलं, नैवेद्य दाखवताना फिरवतात तसं तिच्याभोवती पाणी फिरवलं, आणि एका हाताने फौजदाराच्या मानेचा तंबू धरून दुसऱ्या हाताने एक युनिट असं टोचलं की त्याचा कानही हलला नाही. मी दाराशी उभा होतो. मी सत्कार पाहिलेत, मंत्री पाहिलेत, फटाके पाहिलेत. एवढा सरळ कणा मी कुणाचा पाहिलेला नाही. त्यानंतर अक्कांनी खीर स्वतः खाल्ली नाही. वाटी झाकून ठेवली. ते माझ्या लक्षात आलं, पण विचारायची छाती झाली नाही.

संक्रांतीपर्यंत दिनदर्शिकेवरचे गोल थांबले. आकडे असे शहाण्यासारखे ओळीत बसायला लागले की सुनंदा म्हणाली, आता हे गणितात घेता येतील. होळीला मॅडमनी अर्धं युनिट केलं. आणि मे महिन्यात, जेव्हा जळगावच्या रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतं आणि माणसं कुणाशी भांडायलाही सावली शोधतात, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "इन्सुलिन थांबवून बघू. मांजरांमध्ये असं कधी कधी होतं. पण मोजत राहा."

तेव्हापासून मोजतोय. आठवड्यातून एकदा, कोमट फडकं, कान, थेंब. एकशे दहा, एकशे पाच. मी हे प्रत्येक समारंभात सांगतो. वधूवरांना शुभेच्छा देताना सांगतो, निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांना सांगतो. चाळीसगावच्या त्या लग्नाचा पहिला वाढदिवस झाला तेव्हा त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. फेटेवाले आबा पुढे आले आणि आधी फौजदारसाहेबांची तब्येत विचारली.

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सकाळी तो धूर आला, माझी दाढी अर्धी राहिली, आणि दिवसभर मी उगाच भिंतीपाशी घुटमळलो. कारण एक प्रश्न मला गेलं दीड वर्ष छळतोय. सुई आता नाही, खीर चालत नाही. मग गुरुवारी अक्का त्याला काय देतात?

साडेसहाला फौजदार उठला, भिंत ओलांडली. एका उडीत ओलांडली, हे मला नोंदवायचं आहे. पाटावर बसला. अक्कांनी देवाला खीर दाखवली, पाणी फिरवलं, वाटी घेऊन वळल्या. फौजदाराने तोंड वर केलं. तीच नजर, जिच्यापुढे मी रोज हरतो.

"नही," अक्का म्हणाल्या.

तो बघत राहिला.

"नही रे राजा. नही म्हनं ना." आणि त्याच्या डोक्यावर हात फिरवला, कानांवर, जिथे आम्ही सगळ्यांनी इतके थेंब काढले तिथे. फौजदाराने एक मोठी जांभई दिली, गोल वळला आणि नानांच्या पाटावर झोपला. अक्का त्याच्या शेजारी टेकल्या आणि खिरीचा पहिला चमचा त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला.

माझे हात आपोआप वर गेले. आयुष्यभर दुसऱ्यांकडून टाळ्या मागणारा माणूस, भिंतीच्या अलीकडे उभा राहून एकटाच वाजवत होतो.

"कोन शे? भाऊ का?" अक्कांनी मान वळवली. "टाळ्या काबर वाजाडस? इकडे ये, खीर खाय."

मी भिंत ओलांडली. दोन उड्यांत, कारण मी फौजदार नाही. अक्कांनी वाटी पुढे केली. मी हात लावणार तेवढ्यात ती मागे घेतली आणि देवघराच्या फळीवरून साखर मोजायचं आमचंच मशीन काढलं, जे मी गेले दोन दिवस शोधत होतो.

"आधी बोट दे."

"अक्का, मला सुईची..."

"बोट दे, भाऊ."

मी डोळे मिटले आणि बोट दिलं. काही ओरडलो असेन तर ते फक्त फौजदाराने ऐकलं, आणि तो कुणाला सांगणार नाही. अक्कांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, आकडा दिव्याशी धरून वाचला. एकशे बारा. मग वाटी माझ्या हातात दिली आणि वर एक चमचा आणखी घातला.

"खाय," त्या म्हणाल्या. "बठ्ठी खाय."